लाल तोंडाच्या सेनापतीशेजारी माझी बायको

मी चौथीपर्यंत शिकलो, त्यातली चौथी अर्धीच. त्यामुळं हे वाचताना चुका काढत बसू नका. आमच्या वाचनालयाच्या मास्तरांनी मला गाठलं. म्हणाले, "तात्या, दुबईला जाऊन आलात, चार पानं लिहून द्या. ज्यांना जाता येत नाही ते वाचतील." म्हटलं, उंच इमारती पाहिजे असतील तर पोरांकडं फोटो आहेत, ते बघा. मी तिथं एक देव पाहिला, जो आधी माणूस होता. आणि त्याच्याशेजारी माझी बायको बसलेली पाहिली, ती जाऊन वर्ष झाल्यावर. तेवढंच मला लिहिता येईल.

आधी माझा धंदा सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी टाक ठोकतो. देव्हाऱ्यात चांदीच्या पत्र्याचे, विड्याच्या पानापेक्षा लहान असे देव उभे असतात ना, खंडोबा, भवानी, आणि त्यांच्याच रांगेत घरातली गेलेली माणसं, ते टाक. कुणी गेलं की वर्षाच्या आसपास लोक माझ्या दुकानाची पायरी चढतात. गडी असला तर घोड्यावरचा वीर. नवऱ्याआधी गेलेली बाई असली तर पदर घेतलेली सवाष्ण. आजोबांच्या वेळचे पोलादी साचे आहेत. पत्रा साच्यावर ठेवायचा, वरून शिशाचा तुकडा ठेवून ठोकायचं, की झाला देव. पन्नास वर्षांत मी अशा कितीतरी बायका ठोकल्या, सगळ्या एकाच साच्यातून. सगळ्यांचं नाक तेच, डोळे तेच. कुणी तक्रार केली नाही. माझ्याही डोक्यात काही आलं नाही, कमल जाईपर्यंत.

कमल म्हणजे माझी बायको. चार दिवस ताप आला आणि गेली. आमचा महेश बारा वर्षं तिकडं नोकरीला आहे. त्यानं आम्हा दोघांना तीनदा बोलावलं. कमलनं पासपोर्ट काढून घेतला होता आणि ट्रंकेत लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवला होता. मधूनमधून काढून बघायची. "जाऊ या का हो?" म्हणायची. माझं उत्तर एकच, दुकान कोण बघणार? दुकानात काय होतं बघायला? माझ्या गिऱ्हाइकांची माणसं तर आधीच गेलेली, त्यांना कसली घाई. पण मी म्हणालो आणि ती गप्प बसली. पासपोर्ट कोराच राहिला.

ती गेल्यावर तिचा पत्रा साच्यावर ठेवला आणि हातोडी उचलवेना. कमलला त्या साच्यात कशी घालू? मग साचा बाजूला सारला आणि नुसत्या छिन्नीनं हातानं तोंड काढायला बसलो. तीनदा वितळवलं. चौथ्यांदा डाव्या गालाशी हात घसरला आणि तोंड वाकडं झालं. चिडून तसंच ठेवलं. देव्हाऱ्यातही ठेववेना. जिचं जिवंतपणी ऐकलं नाही तिला आता हळदकुंकू वाहायचं, ही मला थट्टा वाटायची. लाल फडक्यात गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात टाकलं, ते तिथंच राहिलं.

महेशनं चौथ्यांदा बोलावलं तेव्हा मी गेलो. विमानात खिडकीशी जागा मिळाली. खाली ढग कापूस पिंजून ठेवल्यासारखे. खिशावर हात ठेवून म्हटलं, बघ. शेजारचा माणूस म्हणाला, "क्या बोला चाचा?" मी म्हटलं, "तुमको नहीं."

शारजा, अल नहदा

महेशचं घर चौदाव्या मजल्यावर. समोरचा रस्ता ओलांडला की दुबई, अलीकडं शारजा. मला दोन्हीकडं सारखंच दिसलं. सकाळी खिडकीतून बघावं तर इमारतींचे खालचे मजले गायब, नुसती डोकी तरंगताहेत. दमट धुकं असतं ते. दहा वाजेपर्यंत ऊन ते पिऊन टाकतं. मग सगळं इतकं पांढरं होतं की आपण जागे आहोत का झोपेत, कळत नाही. पहिल्या दिवशी आंघोळीला थंड पाण्याचा नळ सोडला आणि पाठ भाजून घेतली. सूनबाई स्नेहल बाहेरून ओरडली, "बाबा, इथं उन्हाळ्यात थंड नळालाच गरम पाणी येतं! टाकी गच्चीवर आहे ना." म्हटलं, हे आधी सांगायचं का पाठ सोलल्यावर?

नात ईरा सात वर्षांची. मी मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत सांगायचं, असं आमचं चालायचं. मजेत चालायचं. नाहीतरी घरात माझं बोलणं कुणाला कळत होतं?

स्नेहलनं देव्हारा स्वयंपाकघरातल्या कपाटात केला आहे. दार उघडलं की आपोआप दिवा लागतो. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, सोमवारी घट बसतील. त्याआधी देव उजळायला काढीन. आईंचा टाक आणलाय ना? त्यांनाही बसवू या."

मी म्हणालो, "गावी राहिला. अजून घडतोय."

खिशात टाक आणि तोंडात खोटं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि कपाटाचं दार लावलं. महेश लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाला, "बाबा, एक वर्ष झालं. दुसऱ्यांचे टाक आठवड्यात देता तुम्ही." मी उठून गॅलरीत गेलो. गरम वारं तोंडावर आलं. अशा वाऱ्याला इथं कुणी बाहेर बसत नाही, मी बसलो.

दिवसभर घरात मी एकटा. तेव्हा मला इस्माईलभाई भेटले. ते नवव्या मजल्यावर राहतात. मूळचे रत्नागिरीकडले, खाडीकाठच्या गावचे. तीस वर्षं झाली, दुबईतल्या देरा भागातल्या जुन्या बाजारात अत्तराचं आणि धूपाचं दुकान आहे. लिफ्टमध्ये मी चुकीचं बटण दाबून खालीवर फिरत होतो. त्यांनी दोन फेऱ्या बघून घेतल्या, मग म्हणाले, "काका, सैर करताय का कुठं उतरायचंय?" मराठी ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी खरं सांगितलं, कुठंच नाही. "मग चला माझ्याबरोबर," म्हणाले. त्यांच्या घरी तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण खाल्लं. नारळ आमच्यापेक्षा जास्त, तिखट कमी. कमल असती तर वाटणात काय काय घातलंय ते विचारत बसली असती. मी नुसतं खाल्लं.

मग त्यांच्या दुकानाकडं निघालो. वाटेत त्यांनी एका चहाच्या टपरीसमोर गाडी उभी केली आणि हॉर्न वाजवला. आतून माणूस पळत आला आणि गाडीच्या खिडकीत दाट वेलदोड्याचा चहा दिला. आमच्याकडं चहावाल्याला हॉर्न वाजवला तर तो आधी शिवी देईल. चहा मात्र चांगला. कमलसारखा, साखर जास्त.

देरा

इस्माईलभाईंच्या दुकानाला लागून एका चिनी बाईचं दुकान आहे. लिन तिचं नाव. तिथले सगळे तिला लिनबाजी म्हणतात, बाजी म्हणजे थोरली बहीण. साठीची असेल, बुटकी, केस आखूड. बावीस वर्षं तिथंच आहे. दुकान फुलांचं, पण खरं फूल एकही नाही. जमिनीपासून छतापर्यंत कापडाचे गुलाब, प्लास्टिकची जाई, झेंडूचे हार, पाण्याविना उमललेली कमळं. बाहेर आग ओतणारं ऊन आणि आत थंडगार, निळसर उजेडात हजारो फुलं, वास कुणालाच नाही. इस्माईलभाईंच्या धूपाचा वास भिंतीतून यायचा तोच. मला वाटलं, माणूस मेल्यावर आधी असल्याच कुठल्यातरी खोलीत थांबत असेल.

मागच्या भिंतीला एक लाल कोनाडा. त्यात एक पुरुष उभा. तोंड शेंदरासारखं लाल, दाढी पोटापर्यंत, हिरवा झगा, हातात लांब दांड्याचं कोयत्यासारखं पातं. समोर तीन छोटे पेले, संत्री, आणि उदबत्तीच्या जागी विजेच्या लाल काड्या. धूर केला तर छतातली घंटा वाजते म्हणे. मी पायताण काढलं आणि हात जोडले. माझ्या हिशेबी तो भैरोबाच. परदेशी असला म्हणून काय झालं.

लिनबाई हसली. तिचं हिंदी बाजारातलं, तोडकंमोडकं. "ये पहले भगवान नहीं था. आदमी था. फौजी."

म्हटलं, "मग वीर आहे. आम्हीही करतो."

तिला विश्वास बसेना. मी विचार न करता खिशातून फडकं काढलं आणि गल्ल्याच्या काचेवर कमलला ठेवलं. "मेरा काम. मैं बनाता. आदमी मरता, मैं भगवान बनाता." इस्माईलभाई कपाळाला हात लावून म्हणाले, "काका, असं बोलू नका, पोलीस धरतील."

लिनबाईनं टाक उचलला नाही. वाकून, दोन्ही हात मागं बांधून बघितला. मग कागदी पेल्यात बिनदुधाचा चहा ओतून मला दिला आणि गोष्ट सांगायला लागली. ती हिंदीत सांगायची, जिथं अडायची तिथं इस्माईलभाई मराठीत पुढं न्यायचे. मधेच म्हणायचे, "मी फक्त सांगण्याचं काम करतोय हां काका, माझ्या नावावर टाकू नका."

या सेनापतीचं नाव ग्वान. अठराशे वर्षं झाली. गरिबाघरचा, गावात एका दांडगटाला मारून पळालेला. दोन मित्रांशी भावाची शपथ घेतली आणि जन्मभर पाळली. एकदा शत्रूच्या हाती सापडला. शत्रूनं मारलं नाही, उलट सोनं दिलं, घोडा दिला, नवा झगा दिला. यानं नवा झगा आत घातला आणि भावानं दिलेला जुना फाटका वरून. भाऊ कुठं आहे ते कळल्यावर सगळं सोनं मोहोर लावून तिथंच ठेवलं आणि निघून गेला. लिनबाई म्हणाली, म्हणून दुकानदार याला ठेवतात. हा बोललेला शब्द मोडत नाही आणि दुसऱ्याची वस्तू ठेवून घेत नाही.

"मग देव म्हणजे सुखात मेला असेल," मी म्हटलं.

"नाही. पकडला. गर्दन काटा. डोकं एका राजाकडं पाठवलं, धड दुसरीकडं राहिलं." तिनं हातानं गळ्यावर रेघ ओढली. "मग त्याचं भूत डोंगरावर फिरायचं. रोज ओरडायचं, माझं डोकं द्या! माझं डोकं द्या!"

एवढ्यात इस्माईलभाईंचा मोबाईल वाजला. "या अल्लाह, पार्किंग खलास! काका चला, यल्ला, यल्ला, दंड लावतोय तो!" त्यांनी माझा दंड धरला. मी पायताणात पाय खुपसत पळालो. गाडीत बसल्यावरही माझ्या डोळ्यांसमोर तो डोंगर होता आणि त्यावर बिनडोक्याचा माणूस.

पुन्हा अल नहदा

दुसऱ्या दिवशी सकाळी बंडी घालताना खिशाला हात लावला. खिसा सपाट.

कमल काचेवर राहिली होती.

वर्षभर मी तो खिसा चाचपत जगत होतो. एसटीत, बाजारात, अंथरुणावर. आता आत नुसतं कापड. मी पलंगावर बसून छातीवरचा तो खिसाच चाचपत राहिलो. स्नेहल कामावर निघाली होती, दारातून परत आली. "बाबा, काय होतंय? छातीत दुखतंय का?"

"कमल हरवली," मी म्हटलं.

मग सगळं सांगितलं. खोटं बोललो तेही. ती खाली फरशीवर बसली, साडेसातचे आठ झाले, तिची बस गेली. म्हणाली, "तुम्ही त्यांना खिशात घेऊन फिरत होतात?"

"मग कुठं ठेवू? तोंड वाकडं झालंय तिचं. वर्षभर जमलं नाही मला. आणि तिला इथं यायचं होतं. मी आणली नाही. तीनदा." हे मी महेशलाही कधी बोललो नव्हतो.

स्नेहलनं फोन लावला. इस्माईलभाई म्हणाले, आज शुक्रवार, जुम्म्याच्या नमाजानंतर बाजार उघडेल, चारला जाऊ. आणि सोमवारी घट. बाजारात शेकडो माणसं येतात-जातात, काचेवरची चांदी कोण ठेवतं? मी मनातल्या मनात तिला वितळवूनही टाकली. कुणाच्या तरी कानातलं झाली ती, पैंजण झाली.

खिडकीत बसून राहिलो. धुक्यात इमारतींची धडं दिसत नव्हती, नुसती डोकी. मला त्या सेनापतीची आठवण आली. मीसुद्धा वर्षभर तेच करत होतो. माझी बायको द्या, माझी बायको द्या. कुणाला सांगत होतो देव जाणे. शेजाऱ्यांना, भिंतीला, महेशला न बोलून. शुक्रवारची अर्धी शाळा करून ईरा आली, माझ्याजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, डोन्ट वरी, समवन इज कीपिंग हर." मला एवढंच कळलं की ती धीर देतेय.

फुलांचं दुकान

चार वाजता शटर अर्धं वर होतं. मी वाकून आत शिरलो. डोळ्यांवर निळा उजेड आला, मग लाल कोनाडा.

सेनापतीच्या डाव्या हाताला, थोडं खाली, लाल कागदावर कमल उभी होती. पाठीमागं संत्र्याचा टेकू. समोर चहाचा पेला, त्यातून वाफ येत होती. कानाजवळ कुणीतरी कापडाचं एक लहान जाईचं फूल टेकवलं होतं.

माझ्या तोंडून निघालं, "अगं, तू इथं कुठं?"

लिनबाई खुर्चीवरून उठली. मला रागावली. हातवारे करत भरभर बोलली. इस्माईलभाईंनी सांगितलं, "म्हणते, काल दुपारपासून तुमची वाट बघतेय. आज दुकान बंद असताना सकाळीही येऊन चहा बदलून गेली. म्हणते, घरचं माणूस काचेवर टाकून कोण जातं?"

मी हिंदीत विचारलं, "तुमको कैसा मालूम, ये मेरा घर का आदमी?"

ती टाकाजवळ गेली आणि डाव्या गालाकडं बोट दाखवलं. इस्माईलभाई म्हणाले, "म्हणते, देवाचं तोंड कसं सारखं असतं, दोन्ही बाजूंनी. हिचं एकीकडं गेलंय. म्हणजे ही कुणाची तरी बायको आहे. आणि हसतेय."

मी चष्मा पुसून बघितलं. वर्षभर मी त्या गालाकडं घसरलेली छिन्नी म्हणून बघत होतो. कमल हसली की तिचं तोंड डावीकडं जायचं. उजवीकडं नाही, नेहमी डावीकडं. मी काही शहाणपण शिकवायला लागलो की अशीच बघायची आणि पोळी लाटत राहायची. पन्नास वर्षं ते तोंड समोर होतं. ओळखलं ते या चिनी बाईनं.

मी खाली स्टुलावर बसलो. लिनबाईनं मलाही चहा दिला. थोड्या वेळानं मी विचारलं, "मग त्याला डोकं मिळालं का?"

"नाही." तिनं गोष्ट पुरी केली. त्या डोंगरावर एक म्हातारा साधू राहायचा. भूत ओरडत आलं तेव्हा साधू म्हणाला, तू तुझं डोकं मागतोस. तू लढायांत ज्यांची उडवलीस त्यांनी त्यांची कुणाकडं मागायची? भूत गप्प झालं. त्या दिवसापासून ओरडलं नाही. डोंगराची राखण करायला लागलं.

"आणि देव?"

आधी लोक भ्यायचे, म्हणाली. असा कापलेला माणूस मोकळा फिरतोय म्हणून वाटेवर भात ठेवायचे. मग पोरं आजारी पडली की त्यालाच सांगायला लागले. मग देवळातल्या साधूंनी जागा दिली. मग राजे आले, एकानं सरदार केलं, दुसऱ्यानं राजा, तिसऱ्यानं बादशहा. इस्माईलभाई मधेच म्हणाले, "मेल्यावर प्रमोशन, काका. आमच्या कंपन्यांत जिवंतपणी होत नाही." मग मिठाचे व्यापारी त्याला गाठोड्यात घालून गावोगाव घेऊन गेले, मग जहाजांतून दर्यापार. लिनबाईची आई त्याला गावाहून निघताना फडक्यात गुंडाळून द्यायची, जो कुणी परदेशी जाईल त्याला.

"मेरे माफिक," मी म्हटलं.

"तुम्हारे माफिक," ती म्हणाली.

मला वाटायचं, देव आपण हातोडीनं करतो. इथं तर कुणी हातोडी उचललीच नव्हती. वाटेवर कुणीतरी एक वाटी भात ठेवला, दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवला, एवढ्यानंच तो माणूस देव झाला. आणि साधूचा तो प्रश्न मलाही लागू होता. मी कमल मागत होतो. कमलनं माझ्याकडं जे मागितलं होतं ते तिनं कुणाकडं मागायचं?

मी टाक उचलायला हात पुढं केला. लिनबाईनं माझा हात बाजूला केला. एकदा बसवलं की विचारल्याशिवाय उचलायचं नाही, तिच्या गावची रीत. तिनं कोनाड्याखालून लाकडाचे दोन लाल तुकडे काढले, काजूगरासारखे वाकडे. एक बाजू सपाट, एक फुगीर. हे ओंजळीत धरायचे, प्रश्न सांगायचा, खाली टाकायचे. एक सपाट आणि एक फुगीर पडला तर हो. दोन्ही फुगीर वर आले तर नाही.

"कौल!" मी म्हटलं. इस्माईलभाई म्हणाले, "आमच्या गावात पण लावतात, देवळात, तांदळानं. मी लहानपणी भिंतीवरून बघायचो."

मी तुकडे ओंजळीत धरले. काय बोलायचं ते माहीत होतं. "कमल, चल. गावी जाऊ, आपल्या घरी."

टाकले. दोन्ही सपाट बाजू वर.

लिनबाई खो खो हसली. तोंडावर हात धरून हसली. मी म्हटलं, हे काय? हो का नाही?

"दोनों नहीं," ती म्हणाली. "हँसती है. तुम पे हँसती है." इस्माईलभाईंनी नीट समजावलं. दोन्ही सपाट पडले म्हणजे देवाला हसू आलं. प्रश्न चुकीचा आहे. "म्हणते, तुम्ही विचारलंच नाही काका. हुकूम केलात."

त्या थंडगार दुकानात, त्या हजार फुलांमध्ये, मला कमलचा आवाज खरंच ऐकू आला असं नाही म्हणणार. म्हातारपणी लोक असलं बोलतात आणि मला ते आवडत नाही. पण तिचं हसणं मला आठवलं, पुरं, आवाजासकट. वर्षभर आठवत नव्हतं. आठवायचं ते शेवटचं आजारी तोंड.

मी तुकडे उचलले. त्या वेळी मला दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे, काय विचारायचं ते. दुसरी म्हणजे, ते विचारायची मला भीती वाटते. कारण खिसा रिकामा कसा लागतो ते मी सकाळीच बघितलं होतं.

"कमल," मी म्हटलं, "तुला इथं पोराकडं राहायचंय का?"

एक सपाट, एक फुगीर.

लिनबाईनं मान हलवली. पक्कं करायला तीनदा टाकतात, म्हणाली. मी पुन्हा टाकले. एक सपाट, एक फुगीर. तुकडे तिसऱ्यांदा ओंजळीत धरले आणि खाली ठेवले. बाईनं दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लावायचं, आणि तरीही ऐकायचं नाही, हा माझा जुना धंदा होता. तो तिथंच सोडला.

मी सेनापतीला नमस्कार केला आणि कमलला फडक्यात घेतलं. हा दुसऱ्याची वस्तू ठेवून घेत नाही, हे खरं निघालं.

खाडी

परत जाताना इस्माईलभाईंना म्हटलं, बाजारालगतच्या खाडीत होडीत बसू या. पलीकडं जायचं काही काम नव्हतं. खाडीतल्या त्या लाकडी होड्यांना कठडा नसतो, माणसं पाण्याकडं तोंड करून पाठीला पाठ लावून बसतात. कमलला पाण्याची भीती. मी फडकं सोडलं आणि तिला तळहातावर धरलं. ऊन उतरलं होतं. पाणी तांब्याच्या परातीसारखं. काठावर मोठी लाकडी गलबतं, त्यांवर टायर, फ्रीज, गाद्या रचलेल्या. पांढरे पक्षी पाण्याला पोट लावून जात होते. सगळं हळू, आवाज न करता. "हे बघ," मी म्हणत होतो, "ते बघ." इस्माईलभाई दुसरीकडं बघत बसले. चांगला माणूस.

रविवारी स्नेहलनं देव उजळायला काढले. चिंच लावून मीच घासले, ते काम मला येतं. कमलला घासताना गालाशी हळू हात फिरवला. स्नेहल म्हणाली, "बाबा, आईंचं तोंड अगदी..." महेश दारात उभा होता. तो आत आला, टाक हातात घेतला आणि म्हणाला, "आई असंच हसायची मी खोटं बोललो की." मग दोघं बापलेक ओट्याशी उभे राहून रडलो. वर्षभरात पहिल्यांदा एकत्र.

कपाटाचं दार उघडलं, दिवा लागला, कमल बसली. मी सांगितलं, नैवेद्य काय हवा तो करा, पण सकाळी एक चहा ठेवा. साखर जास्त.

ईरानं विचारलं, "सो आजी इज अ गॉड नाऊ?"

मी म्हटलं, "अजून नाही. तू रोज चहा ठेव, मग होईल."

घरी

येताना विमानात पुन्हा खिडकी मिळाली. दोन-तीनदा खिशाकडं हात गेला. रिकामा खिसा लागला की कसं होतं ते लिहून सांगता येत नाही. घरी आल्यावर ट्रंकेतून तिचा पासपोर्ट काढला, एकदा कोरी पानं चाळली आणि पुन्हा शालूच्या घडीत ठेवला.

रविवारी सकाळी ईरा मोबाईलवर कपाट उघडून दाखवते. दिवा लागतो, चहा दिसतो. मी विचारतो, "कमल, बरी आहेस का?" उत्तर येत नाही. तरी विचारतो.

दुकान चालू आहे. साचेही आहेत, लोकांना तेच लागतात. परवा पलीकडच्या गावचा एक माणूस आईचा टाक करायला आला. मी पत्रा ठोकून साच्यातून काढला, उजेडाला धरला आणि त्याला विचारलं, "हसताना आईचं तोंड कुठं जायचं? डावीकडं का उजवीकडं?"

तो गोंधळला. पायरीवर बसला. मग त्याचं स्वतःचंच तोंड हळूहळू उजवीकडं गेलं.

मी छिन्नी घेतली.